अजिंठ्याचीं चित्रें : रोगण आणि लोणा

जॉन ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्याच्या चित्रांवरील दोन खंड १८९६-९७ सालीं प्रसिद्ध झाले. संग्राहक ते रत्नाप्रमाणें जपतात व तें योग्यच आहे. १८७२ ते १८८५ पर्यंत मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांकडून त्यांनीं नकला करविल्या. त्यांपैकीं पुष्कळ १८८५ सालीं लंडनच्या आगींत जळाल्या. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक नकला त्यापूर्वींच, १८६६ त, क्रिस्टल पॅलेसच्या आगींत गेल्या होत्या. तेव्हां या ग्रंथाचें मोल कमी लेखणें आमच्या मनांतही नाहीं.

परंतु त्याची किंमत मूळ चित्रांस द्यावी लागली, हेंही सांगितलें पाहिजे. पुसट रंग उठून दिसावे म्हणून चित्रांवर रोगण चढविण्यांत आलें. पुढें १९२०-२२ त निजाम सरकारनें आणविलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनींही लाखेचा उपयोग केला. हेतु चांगला, पण कालांतरानें लाख काळवंडून चित्रें झांकोळलीं व ती उतरविण्याचें काम पुढील पिढ्यांच्या गळ्यांत पडलें.

रोगणाचा दोष येथेंच संपत नाहीं. आम्ही पिंपळगाव राजाचे; पूर्णाकांठचा खारपाणपट्टा आमच्याच जिल्ह्यांत शिरलेला आहे. भिंतीस लोणा लागला म्हणजे काय होतें हें इकडे कोणास शिकवावें लागत नाहीं. ओल क्षार घेऊन भिंतींत चढते, पाणी उडून जातें, क्षार मागें राहतो आणि पोपडे सुटतात. वरून तैलरंग चोपडला तर पोपडा रंगासकट पडतो. लेण्यांत ओल कातळाच्या भेगांवाटे येते, एवढाच फरक. एस. परमशिवन् यांनीं १९३० नंतरच्या दशकांत रासायनिक पृथक्करण करून या चित्रांची घडण दाखविली : कातळावर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, त्यावर रंग. अशा भिंतीच्या तोंडावर लाखेचा पडदा ओढला कीं ओल मागें कोंडते व क्षाराचे स्फटिक चित्राच्या पाठीशीं धरूं लागतात.

म्हणून परीक्षा आधीं, हात मागून. पांढरें तेवढें सर्व एकच नव्हे. चुन्याचें कवच साध्या पाण्यानें हालत नाहीं. मीठ किंवा वटवाघळांच्या विष्ठेपासून उपजलेला सोरा पाण्यानें विरघळतो, आणि पुसणाराच त्यास पुनः गिलाव्यांत शिरवितो. सोडियम सल्फेट दहा रेणु पाणी शोषून घेतांना तिपटीहून अधिक फुगतें व भोंवतालचा गिलावा फोडतें. क्वचित् तें पांढरें चित्रकारानें स्वतःच दिलेलें असतें! नखाएवढाही नमुना न तपासतां हात घालणारा काय पुसून टाकीत आहे, हें त्यास ठाऊक नसतें.

ग्रिफिथ्स यांस दोष देऊन आम्हांस सुटतां येणार नाहीं. वीरगळावरील पुसट अक्षरें वाचावयाचीं तर पाणी शिंपडा, असें आम्हींच विद्यार्थ्यांस कित्येक वर्षें शिकविलें. त्या वेळीं अक्षरें दिसत व आनंद होई. पाण्याबरोबर आंतील क्षार जागा होतो, हें ध्यानांत येत नसे. सुश्रुतानें क्षार शब्दाची व्युत्पत्ति क्षरण यावरून लाविली आहे. अक्षर म्हणजे जें क्षरत नाहीं तें. हे दोन शब्द आम्हीं एकाच फळ्यावर लिहिले, पण त्यांचें वैर ओळखलें नाहीं. पोथीवर ओलें बोट फिरविणाऱ्या आमच्या स्नेह्यांनीं तरी तें ओळखावें.