‘द जंगल’ आणि सरकारी शिक्का

खासगी कारखानदारीला मोकळीक किती द्यावी आणि सरकारनें हात कोठें घालावा, हा वाद अमेरिकेंत निघाला कीं अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ (१९०६) या कादंबरीचा दाखला हटकून दिला जातो. कारखानदारांची घाण तिनें चव्हाट्यावर मांडली आणि सरकारनें कायदा करून ती निपटली, असें सांगण्याची वहिवाट पडली आहे. कादंबरी पुन्हां वाचतां ही वहिवाट आम्हांस खरी वाटेनाशी झाली.

कथा शिकागोच्या कत्तलखान्यांची. लिथुएनियाहून आलेला धट्टाकट्टा तरुण यूर्गिस याचें कुटुंब हप्तेबंदीनें घर घेतें. करार इंग्रजींत, वकील म्हणतो, सर्व रीतसर आहे. व्याजाची मेख मागाहून कळते. पुढें तुरुंगांतून सुटून यूर्गिस घरीं येतो, तों घराला नवा रंग लागलेला आणि दारांत एक परकें, गुबगुबीत पोर उभें! करारस्वातंत्र्य म्हणजे काय, हें इतक्या थोडक्यांत क्वचितच कोणी सांगितलें असेल. कादंबरी साप्ताहिकांतून क्रमशः येत होती त्याच १९०५ सालीं, पाव भाजणाऱ्या कामगारांना आठवड्यास ६० तासांहून अधिक राबवूं नये, हा न्यूयॉर्कचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें याच स्वातंत्र्याच्या नांवाखालीं रद्द ठरविला.

परंतु पुस्तकांतील सर्वांत मार्मिक जागा आरंभींच, तिसऱ्या प्रकरणांत आहे. ती सहज नजरेंतून सुटते. तेथें एक सरकारी तपासनीस बसला आहे. क्षयी डुकरें ओळखून बाजूस काढणें हें त्याचें काम. गृहस्थ मोठा मनमिळाऊ. रोगट मांसाचे धोके तो पाहुण्यांना अगत्यानें समजावून देतो, आणि तेवढ्यांत डझनभर डुकरें न तपासतां पुढें सरकतात. म्हणजे सरकार तेथें आधींच होतें! तपासणीचा कायदा १८९१ पासून होताच.

१९०६ च्या जूनमध्यें नवा, कडक कायदा झाला. सेनेटर बेव्हरिज यांच्या मनांत तपासणीचा खर्च कारखानदारांनीं सोसावा असें होतें. अखेरीस तो सरकारी तिजोरीवर पडला, वर्षास ३० लाख डॉलर. बड्या कारखानदारांना युरोपांतील गिऱ्हाइकांपुढें ठेवावयास सरकारी शिक्का मिळाला. ज्या मजुरांसाठीं सिंक्लेअर यांनीं लेखणी उचलली, त्यांच्या कामाच्या तासांविषयीं वा मजुरीविषयीं त्या कायद्यांत अवाक्षर नव्हतें.

येथवर लेखकाचा दोष नाहीं. दोष शेवटच्या प्रकरणांचा. यूर्गिस समाजवाद्यांच्या सभेंत शिरतो आणि तेथून पुढें तो माणूस न राहतां श्रोता होतो. सर्व कारखाने प्रजेच्या सत्तेखालीं आणावे, असें वक्ते सांगतात. ठीक, पण मग त्या मनमिळाऊ तपासनिसाचें काय? कारखान्यांच्या किल्ल्या त्याच्याच हातीं गेल्या तर? राज्य बदललें कीं अधिकारीही बदलेल, हें उत्तर भाषणांत मिळतें. कथेंत मिळत नाहीं.

त्यांतही यूर्गिसचा चिमुकला मुलगा कसा गेला, तें लेखकाला या भाषणांच्या भरांत आठवूं नये याचें आम्हांस नवल वाटतें. पोर फळ्यांच्या पायवाटेवरून खालीं पडून, दारासमोरच्या रस्त्यांत तुंबलेल्या पाण्यांत बुडतें. तो रस्ता कोणा कारखानदाराच्या आवारांतला नव्हता, सार्वजनिक होता.