शेतकरी कुटुंबातील पोटगी आणि सातबारा : सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निवाड्याची चिकित्सा

वैवाहिक विभक्ततेनंतर पोटगीचा प्रश्न कायद्याच्या कलमांपेक्षा उत्पन्नाच्या पुराव्यावर अधिक अडतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेला निवाडा या दृष्टीने महत्त्वाचा आहे. न्या. इंदू मल्होत्रा व न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि उभय पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, असे निर्देश दिले. शेतकरी पक्षकारांसाठी प्रतिज्ञापत्राचा स्वतंत्र नमुना दिला, ही निवाड्याची मोठी जमेची बाजू होय. जमिनीचे क्षेत्र वा त्यातील हिस्सा, पिके, मागील तीन वर्षांचे उत्पन्न, पशुधन व कर्ज यांची माहिती त्यात मागितली आहे.

तथापि, पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या शेतीप्रधान गावाच्या संदर्भात या नमुन्याच्या मर्यादा स्पष्ट होतात. एकत्र कुटुंबात सातबारा बहुधा सासऱ्याच्या नावे असतो. ‘माझ्या नावे जमीन नाही’ असे पतीने शपथेवर सांगितले, तर ते शब्दशः खरे असते. अविभक्त जमिनीतील त्याचा हिस्सा वाटणी होईपर्यंत महसुली अभिलेखात उमटत नाही. शिवाय सोयाबीन-कापसाचा पैसा हंगामाला येतो आणि पोटगी दरमहा द्यावयाची असते. त्यामुळे थकबाकी साचते.

यापेक्षा मूलभूत प्रश्न मालकीचा आहे. पोटगी उदरनिर्वाह देते, हिस्सा देत नाही. पतीच्या वडिलोपार्जित शेतात पत्नीला स्वतःहून वाटणी मागता येत नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत समान हक्क दिला; परंतु हक्कसोडपत्राद्वारे तो अनेकदा भावाकडे जातो. परिणामी विभक्त स्त्रीचे नाव दोन्हीकडील सातबाऱ्यावर नसते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून हे दुखणे ओळखले होते. १९९२ मध्ये राज्य शासनानेही पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून नोंदविण्याची मुभा दिली. पण ती पतीच्या इच्छेवर अवलंबून राहिली.

निष्कर्षतः, न्यायालयांनी प्रतिज्ञापत्रासोबत एकत्र कुटुंबाचा सातबारा, आठ-अ, पीककर्जाचे खाते व बाजार समितीतील हिशेबपट्ट्या मागविल्यास पतीचे खरे उत्पन्न उजेडात येऊ शकेल. मात्र ज्या शेतात स्त्री वर्षानुवर्षे राबली, त्यावरील तिच्या हक्काचा प्रश्न कोणत्याही प्रतिज्ञापत्राने सुटणारा नाही. त्यासाठी वैवाहिक मालमत्तेच्या कायद्याचाच विचार करावा लागेल.