‘माउंट’ केलं म्हणजे ड्राइव्ह झाला का?

आज आम्ही एका सोयीची चिकित्सा करणार आहोत. क्लाउडमधलं ऑब्जेक्ट स्टोरेज आपल्या संगणकाला साध्या ड्राइव्हसारखं जोडायचं, म्हणजे ‘माउंट’ करायचं, ही ती सोय. एसथ्रीएफएस, आरक्लोन, जीसीएसफ्यूज ही त्यासाठीची नेहमीची साधनं. ती फुकट आहेत आणि चांगलीही आहेत. आमची तक्रार आहे ती लोक त्यांच्यावर जो भरवसा टाकतात, त्याबद्दल.

आधी मुळाशी जाऊ. ॲमेझॉनची एसथ्री सेवा २००६ साली सुरू झाली. तिच्या साध्या बकेटमध्ये खरे फोल्डर नसतात. ‘चादर/२०२४/मोर’ या आपल्याला तीन पायऱ्या दिसतात. तिकडे ते सगळं मिळून एकच नाव, आणि तिरकी रेघ हे त्यातलं एक अक्षर. वस्तू ठेवता येते, आणता येते, पुसता येते. ठेवलेल्या वस्तूच्या मधला तुकडा तेवढा बदलता येत नाही.

जेकार्ड पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. पंच केलेल्या कार्डांच्या माळेत एक आडवा धागा चुकला, तर तेवढं एक कार्ड काढून नवं ओवायचं. आपल्या हार्डडिस्कचं साधारण असंच चालतं. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये मात्र एका कार्डासाठी अख्खी माळ नव्याने ठेवावी लागते. हिशेब करा. फाइल दोन जीबीची, अपलोडचा वेग सेकंदाला दहा मेगाबिट. एक ओळ बदलली आणि सगळी फाइल परत चढवायची, तर जवळपास सत्तावीस मिनिटं! काही साधनं न बदललेले तुकडे तिकडच्या तिकडे कॉपी करून वेळ वाचवतात, पण मूळ स्वभाव तोच.

आता फोल्डरचं नाव बदला. आपल्या डिस्कवर क्षणाचं काम. तिथे फोल्डरखाली पाच हजार फाइली असतील, तर पाच हजार कॉपी करायच्या आणि मग जुन्या पुसायच्या. मध्येच नेट गेलं की अर्धा माल जुन्या नावाखाली, अर्धा नव्या.

आमच्याच कामातलं सांगतो. एकच बकेट दोन संगणकांवर माउंट केली होती. दोघांनी एकच डिझाइन उघडलं, दोघांनी सेव्ह केलं. ज्याने नंतर सेव्ह केलं त्याचं राहिलं. दुसऱ्याची सकाळभराची मेहनत गेली. एकही सूचना आली नाही. चूक साधनाची नव्हती बरं का. एका बकेटवरच्या दोन संगणकांमध्ये ताळमेळ राखला जात नाही, हे एसथ्रीएफएसच्या माहितीपत्रातच लिहिलेलं आहे. आम्ही वाचलं नव्हतं.

इथेच आमचा मुख्य आक्षेप आहे. ड्राइव्हचं चित्र दिसलं की माणूस ड्राइव्हच्या सवयीने वागतो. ‘सेव्ह झालं’ असं वाटतं, पण आरक्लोनमध्ये कॅशे चालू असेल तर फाइल आधी आपल्याच डिस्कवर थांबते आणि ती बंद केल्यावर काही सेकंदांनी वर जायला लागते. तेवढ्यात वीज गेली तर? कॅशेतली प्रत पुन्हा माउंट केल्यावर जाईलही, पण तोवर दुसऱ्या संगणकावर जुनीच फाइल दिसणार.

या बाबतीत ॲमेझॉनचं २०२३ मधलं ‘माउंटपॉइंट’ आम्हाला जास्त प्रामाणिक वाटतं. साध्या बकेटमध्ये असलेल्या फाइलच्या मधोमध ते लिहूच देत नाही, सरळ एरर देतं. लोक त्यावर चिडतात. आमच्या मते खोटं ‘हो’ म्हणण्यापेक्षा हे परवडलं.

मग माउंट करूच नये का? जरूर करा. मोठ्या फाइली एकदा ठेवून पुन्हा पुन्हा वाचायच्या असतील, जुन्या डिझाइनचा साठा, बॅकअप, व्हिडिओ, तर ही उत्तम सोय आहे. पण हिशेबाचा डेटाबेस तिथून चालवू नका. रोज बदलणारी फाइल आपल्या डिस्कवर ठेवा आणि ठरल्या वेळी तिची प्रत वर पाठवा. बकेटचं व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे वरून लिहिलं गेलं तरी जुनी प्रत शिल्लक राहते. तिचे पैसे पडतात, पण गेलेल्या डिझाइनपेक्षा कमीच.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता विचारा. ऑनलाइनवाल्यांनी लिहून पाठवा.