पडद्यावरचा शार्क आणि बाजारातली मुशी

माहुलच्या कोळीवाड्यात मुशीला कोणी भीत नाही. बाजारात कोळीण ती पाटीत मांडते, गिऱ्हाईक बोटाने दाबून पाहते, आणि घरात बाळंतीण असेल तर भाव न करता घेऊन जाते. मुशीने दूध येते अशी आमच्याकडची समजूत आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फळीसारखे कान असलेली कानमुशी आली तर पोरे घटकाभर गोळा होतात, एवढेच. या मुशीलाच इंग्रजीत शार्क म्हणतात हे माझ्या वर्गातल्या एका कोळ्याच्या मुलाला ठाऊक नव्हते. त्याने कुणाच्या तरी मोबाइलवर ‘जॉज’ हा चित्रपट पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून बापाच्या होडीत पाय ठेवायला तो तयार होईना. आदल्या रात्री त्याने मुशीचे कालवण चाटूनपुसून खाल्ले होते!

मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. कारण माझ्या एका कादंबरीत मीही एक शार्क घातला आहे. तो पाण्यावर पंख काढून, एखाद्या खलनायकासारखा नायकाच्या मागे लागतो. तो मी कुठून आणला, हे त्या मुलाने मला आरसा दाखवावा तसे दाखवले. म्हणून ‘जॉज’ पुन्हा पाहिला, आणि त्याच्या आधीचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ही मिळवून पाहिला.

हा दुसरा चित्रपट 1956 सालचा. झाक-ईव्ह कुस्तो आणि लुई माल यांचा. कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले, ऑस्करही मिळाले. कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये पाठीवरच्या नळकांड्यातून श्वास घेण्याचे यंत्र सिद्ध केले. त्यामुळे वर दोर नाही, नळी नाही, आणि माणूस माशासारखा मोकळा पोहू लागला. आज ज्याला आपण स्कूबा म्हणतो ते हेच. चित्रपटातली पहिली दृश्ये पाहताना मी अक्षरशः हरखून गेलो. पण पुढे त्यांच्या जहाजाच्या पंख्याने व्हेलचे एक पिल्लू जखमी होते. रक्ताच्या वासाने शार्क जमतात व पिल्लाला खातात. आणि मग जहाजावरची मंडळी संतापून त्या शार्कना आकड्याने वर ओढतात व कुऱ्हाडींनी तोडतात. पिल्लाला कापले माणसाच्या पंख्याने, आणि सूड मात्र माशांवर! पाण्याखाली श्वास घ्यायला शिकलेल्या माणसाने पहिल्या काही वर्षांतच हे करावे, ते अभिमानाने चित्रित करावे, आणि जगाने टाळ्या वाजवाव्यात! हा माहितीपट म्हणवतो, म्हणूनच त्याचे खोटे मला ‘जॉज’पेक्षा अधिक खुपते.

‘जॉज’ निदान आपण भीतीची गोष्ट आहोत हे लपवीत नाही. पीटर बेंचलीची कादंबरी 1974 ची, स्टीव्हन स्पिलबर्गचा चित्रपट 1975 चा. यातला शार्क तासाभराहून अधिक वेळ धड दिसतच नाही. खाऱ्या पाण्यात तो यांत्रिक मासा सारखा बिघडत असे, म्हणून दिग्दर्शकाला तो लपवावा लागला, आणि त्या अडचणीतूनच चित्रपटाचा सर्वांत उत्तम भाग जन्माला आला. नुसते पाणी, पाण्यावर डुलणारे पिंप, आणि जॉन विल्यम्सचे ते दोन सुरांचे संगीत. जिथे मासा नाही तिथे चित्रपट श्रेष्ठ आहे. मासा दिसला की तो रबराचा होतो.

एके ठिकाणी मात्र मासा खरा आहे. ऑस्ट्रेलियातल्या रॉन आणि व्हॅलेरी टेलर या दांपत्याने खऱ्या शार्कचे चित्रण केले. एकदा रिकाम्या पिंजऱ्याच्या दोरात असा एक शार्क अडकला आणि त्याने जी धडपड केली ती इतकी अस्सल होती की ती वापरण्यासाठी कथाच बदलण्यात आली; कादंबरीत मरणारा हूपर पडद्यावर वाचला, कारण पिंजऱ्यात कोणी नव्हतेच. खऱ्या माशाने पटकथा सुधारल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. नीट पाहिले तर तो मासा चिडलेला नाही, घाबरलेला आहे. जाळ्यातल्या मुशीची तडफड ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगावे लागत नाही.

आणि शेवट? शार्कच्या तोंडात अडकलेल्या हवेच्या नळकांड्यावर गोळी झाडली जाते आणि मासा फुटतो. बेंचलीलाही हा शेवट पटला नव्हता. कादंबरी मी शब्दकोश उशाशी ठेवून वाचली. (इंग्रजी माझे मॅट्रिकपुरतेच.) तिच्यात शार्क जखमांनी थकून शांतपणे बुडतो. ते मला अधिक खरे वाटले. ज्या नळकांड्याने माणसाला माशांच्या घरात श्वास घेऊ दिला, त्याचाच पडद्यावर बाँब झाला! बेंचली पुढे शार्कच्या रक्षणासाठी झटला. आज आपण तसे पुस्तक लिहू शकणार नाही असेही त्याने सांगितले. त्याची सचोटी मी मानतो. पण लेखकाचा पश्चात्ताप पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत छापला जात नाही.

आमच्या खाडीत स्कूबाचे नाव काढू नये. गुडघाभर पाण्यात आपलेच पाऊल दिसत नाही. पण मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेतात, तिथे मी एकदा उतरलो. किनाऱ्यावरच्याच एका तरुणाने माझे नळकांडे मागून धरले होते, गारुड्याने माकड धरावे तसे. शार्क दिसला नाही. पट्ट्यापट्ट्यांचे मासे मात्र आमच्याकडे ढुंकूनही न पाहता चरत होते. आणि ते जग निःशब्द मुळीच नव्हते. माझ्याच श्वासाचे बुडबुडे एवढे गडगडत होते की मीच तिथला सर्वांत आडदांड प्राणी ठरलो.

शार्क माणसाला कधीच चावत नाही असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एका तरुणाचा पाय शार्कने फाडला. ती जात बुल शार्कची. ती नदीच्या पाण्यातही शिरते. त्या तरुणाचे दुःख खरे आहे. पण आमच्या शाळेत त्या आठवड्यात जी गोष्ट फिरत होती ती वैतरणेची नव्हतीच. तिच्यात पंख होता, पिंप होते, आणि ते दोन सूरही पोरे तोंडाने वाजवीत होती.

माझ्या कादंबरीतले ते प्रकरण मी त्या मुलाच्या आजोबांना वाचून दाखवले. नाखव्यांनी जाळे विणता विणता ऐकले.

“मास्तर,” ते म्हणाले, “मुशी आमच्या जाल्यान येते, आमी तिच्या तोंडान नाय जात.”

मी विचारले, “मग दर्यात तुम्हाला भीती कशाची वाटते, नाखवा?”

त्यांनी 2010 चा ऑगस्ट सांगितला. मुंबई बंदराबाहेर दोन जहाजे एकमेकांवर आदळली, तेल सांडले, आणि कितीतरी दिवस लोक मासळीला हात लावीनात. त्या दिवसांत बायको भरलेली पाटी तशीच घेऊन परत येई, हे सांगताना त्यांचे हात थांबले. मग त्यांनी पुन्हा सुई घेतली आणि विचारले, “तुमच्या पुस्तकान हे हाय का?”

नव्हते. ते प्रकरण मी आता काढून टाकले आहे. त्या जागी अजून काही लिहून झालेले नाही.