मुरानोचा घरभेदी

विद्या दिल्यानें वाढते हें आपण मुलांना शिकवितों. परंतु जिच्यावर घरची चूल पेटते ती विद्या देण्याची वेळ आली म्हणजे भल्याभल्यांचा हात आंखडतो. हा हात मोकळा सोडणाऱ्या एका कांचकलावंताची कामगिरी येथें तपासावयाची आहे.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १२९१ सालीं आगीच्या भयानें शहरांतील कांचेच्या भट्ट्या शेजारच्या मुरानो बेटावर हलविल्या आणि पुढें कारागिरांना परमुलुखांत जाण्याची बंदी केली. कलेचें मर्म उस्तादाकडून शागिर्दाकडे, बेटांतल्या बेटांत, जात राहिलें. लीनो तालियापिएत्रा यांचा जन्म १९३४ सालीं याच बेटावर झाला. अकरा-बारा वर्षांचे असतां ते आर्किमेदे सेगुसो यांच्या भट्टीवर लागले आणि विशी ओलांडतांच उस्ताद झाले. त्यांच्या हाताची परीक्षा जाळीकामांत होते. रंगीत कांचेच्या काड्या शेजारीं शेजारीं वितळवून फुंकनळीच्या टोंकाशीं गुंडाळावयाच्या, एका थराला उजवा व दुसऱ्याला डावा पीळ द्यावयाचा, आणि एकांत एक बसवून फुंकतांना प्रत्येक घरांत हवेचा एकेक थेंब कोंडावयाचा. एक श्वास चुकला कीं रेघ वाकडी होते.

१९७९ सालीं ते अमेरिकेंतील पिल्चकच्या कांचशाळेंत शिकविण्यास गेले. डेल चिहुली यांच्या पुढाकारानें ही शाळा १९७१ सालीं निघाली होती. कलावंतानें स्वतः भट्टीशीं उभें राहावें ही चळवळ तेथें १९६२ पासून हार्वे लिटलटन यांनीं चालविली होती. उत्साह उदंड होता, परंतु हाताला वळण नव्हतें. तालियापिएत्रा यांनीं तें दिलें, आणि कांहींही हातचें राखलें नाहीं. मुरानोंत त्यांना घरभेदी म्हणणारे निघाले. त्या रागांत पोटाची खरी काळजी होती, हें नाकारतां येत नाहीं.

परंतु त्यांनीं दिलें त्याहून अधिक मिळविलें, असें आम्हांस वाटतें. मुरानोंत आराखडा एकानें काढावा आणि उस्तादानें तो फुंकून द्यावा, अशी वांटणी रूढ होती. कल्पना आणि हात एकाच माणसाचे असूं शकतात, हा धडा त्यांना पिल्चकनें दिला. १९९० च्या सुमारास ते स्वतंत्र कलावंत म्हणून काम करूं लागले.

त्यांचें सर्वच काम मात्र सारख्या तोलाचें नाहीं. 'डायनॉसॉर' मालिकेंतील फुगीर पोटाचीं, लांब वळणदार मानेचीं पात्रें पाहतांना 'हें केलें तरी कसें?' हा उद्गार प्रथम निघतो. त्यांत कारागिराचा गौरव आहे. कलावंताला तेवढ्यावर संतोष मानतां येत नाहीं. याउलट 'एन्डेव्हर' पाहावें. अनेक निमुळत्या, रंगीत कांचेच्या होड्या छतापासून टांगलेल्या आहेत. व्हेनिसच्या उत्सवांतील होड्यांच्या मेळ्याची ती स्मृति आहे. हातोटी तीच, जाळी तीच. पण येथें रीत विचारण्याचें भान राहत नाहीं. या होड्या निघाल्या कोठें, एवढेंच मनांत येतें.

२०२१ सालीं त्यांनीं भट्टीची रजा घेतली. घरभेदाच्या आरोपाचा निवाडा बेटावरच्यांनीं हवा तसा करावा. ती विद्या बेटावरच कोंडून राहिली असती, तर या हातून उत्तमोत्तम फुलदाण्या निघत राहिल्या असत्या. या होड्या निघाल्या नसत्या, असें आमचें मत आहे.