पॅट्रिक मेलरोज
पॅट्रिक मेलरोज : पाच भागांची ब्रिटिश-अमेरिकन दूरचित्रवाणी नाट्यमालिका (२०१८). ब्रिटिश कादंबरीकार एडवर्ड सेंट ऑबिन (१९६०– ) ह्यांच्या पाच आत्मचरित्रात्मक कादंबऱ्यांवरून डेव्हिड निकल्स ह्यांनी ती लिहिली. उच्चभ्रू इंग्रज घराण्यातील पॅट्रिक बालपणी पित्याच्या लैंगिक अत्याचारास बळी पडतो व पुढे हेरॉइन आणि मद्य ह्यांच्या आहारी जातो. कादंबऱ्यांचा आरंभ बालपणापासून होतो. मालिका मात्र मृत पित्याची रक्षा आणण्यासाठी १९८२ मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या व्यसनी पॅट्रिकपासून सुरू होते. हा क्रमबदल मार्मिक आहे. त्याचा उद्धटपणा आधी व त्याचे मूळ नंतर दिसल्याने प्रेक्षकाला स्वतःच्या घाईच्या निवाड्याचा फेरविचार करावा लागतो. प्रत्यक्ष अत्याचार न दाखविण्याचा संयमही उल्लेखनीय होय. मात्र बेनेडिक्ट कंबरबॅच ह्यांच्या प्रभावी अभिनयामुळे पहिल्या भागातील व्यसन काहीसे रंजक वाटते. त्यामानाने व्यसनमुक्तीच्या संथ, खडतर प्रक्रियेला कमी वाव मिळाला आहे. मित्राजवळ प्रथमच सत्य उच्चारण्याचा साधा प्रसंग ही उणीव बव्हंशी भरून काढतो. आघाताने व्यसनाचा उलगडा होतो. पण सावरण्याची जबाबदारी टळत नाही, हे त्यातून सूचित होते. मालिकेला व कंबरबॅच ह्यांना २०१९ मध्ये बाफ्टा पुरस्कार लाभले.