फिरत्या भिंगाचा कॅमेरा : एक परीक्षण

जुन्या यंत्रांविषयीचा जिव्हाळा बहुधा स्मरणरंजनातून उपजतो आणि म्हणूनच परीक्षणाला तो फारसा उपयोगी पडत नाही. निकॉनचा १९९९ सालचा ‘कूलपिक्स ९५०’ व २००० सालचा ‘९९०’ या छोटेखानी डिजिटल कॅमेऱ्यांविषयी आजही जी ओढ दिसते, तिची मीमांसा मात्र निराळ्या रीतीने करावी लागते. या कॅमेऱ्यांचे धड दोन भागांचे आहे. एका भागात भिंग, दुसऱ्यात पडदा व बटणे. आणि दोहोंमधील सांधा फिरतो. भिंग आणि डोळा एकाच रेषेत असले पाहिजेत, हे छायाचित्रणातील जुने बंधन या सांध्याने सैल केले.

चिमूर तालुक्यातील कोलारा हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रवेशद्वार. ताडोबात पर्यटकांना मोबाइल नेण्यास २०१८ मध्ये मनाई झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटनाला तोच दंडक देशभर लावला. त्यामुळे सुट्या कॅमेऱ्याला पुन्हा दिवस आले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. प्रस्तुत यंत्रापुरता तो टाळणे बरे. त्याचा फोकस सावकाश जुळतो, बटण दाबल्यावर चित्र उमटेपर्यंत वेळ जातो, आणि जेमतेम तिपटीचा झूम दूरच्या वाघाला ठिपक्याहून मोठा करीत नाही.

त्याचे खरे क्षेत्र प्रवेशद्वाराच्या अलीकडे आहे : शेताच्या धुऱ्यावर, मोहाच्या झाडाखाली, पहिल्या सरींनी भिजलेल्या मातीवर. मृगाचा किडा हे उदाहरण घ्यावे. (भाषेने त्याला किडा म्हटले असले, तरी आठ पायांचा हा जीव कोळ्यांच्या अधिक जवळचा.) तो मखमली लाल जीव भुईवर दिसतो तो थोडेच दिवस. त्याच्या उंचीवरून त्याला पाहावयाचे, तर मोठा कॅमेरा घेऊन चिखलात लोळावे लागते. कूलपिक्समध्ये भिंग जमिनीलगत आडवे ठेवावे, पडदा वर वळवावा आणि मोहफुले वेचणाऱ्यासारखे उकिडवे बसून खाली पाहावे. भिंग विषयाच्या २ सेंटिमीटरपर्यंत जाते. हलणारा पडदा आज पुष्कळ कॅमेऱ्यांत आहे हे खरे. तथापि मोठ्या कॅमेऱ्याला इतक्या जवळचे भिंग वेगळे विकत घ्यावे लागते. वाघ ‘टिपतात’, फोटो मात्र ‘काढतात’. काटा काढणे, पाणी काढणे यांतील श्रम व सावकाशी या दुसऱ्या क्रियापदात आहे, आणि हे यंत्र त्याच क्रियापदाचे आहे. ज्या मुलखाची ओळख केवळ वाघावर येऊन ठेपली आहे, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

त्याचे आणखी एक वैशिष्ट्य विक्षिप्त वाटते. बटण दाबून धरल्यास ते १० पर्यंत चित्रे घेते आणि त्यांतील सर्वांत रेखीव ठरलेले एकच ठेवून बाकीची टाकून देते. निवडीचा हा अधिकार यंत्राला का द्यावा, असा आक्षेप घेता येईल. पण उकिडवे बसल्याने हात कापू लागले, की तो आक्षेप टिकत नाही.

रंगांच्या स्तुतीविषयी मात्र सावध राहावे. जुन्या सीसीडी संवेदकाचे रंग ‘अधिक जिवंत’ असतात, असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. रंग केवळ संवेदकावर नव्हे, तर कॅमेऱ्यातील पुढील संस्करणावरही ठरतो, हे त्यात विसरले जाते. शिवाय मृगाच्या किड्यानेच हे यंत्र उघडे पडते : गडद लाल रंग प्रमाणाबाहेर जाऊन मखमलीची लव नाहीशी होते व एक सपाट लाल डाग उरतो. अगदी जवळ गेल्यावर भिंगाची स्वतःचीच सावली विषयावर पडते, तो दोष वेगळा.

टिकाऊपणाचा हिशेबही असाच संमिश्र आहे. ९५० व ९९० ही दोन्ही यंत्रे ४ पेन्सिल सेलवर चालतात. सेल भराभर संपतात, पण ते चिमूरच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात; खास बॅटरीवर चालणारे त्याच काळातील कॅमेरे ती मिळेनाशी होताच अडगळीत गेले. याउलट ही यंत्रे ज्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर चित्रे साठवितात, ते आज शहरांतही शोधावे लागते, आणि ते वाचणारी खाच नव्या संगणकांत नसते.